१०८०पी असूनही चित्र का फुटतं?

विसर्जन मिरवणुकीचा एखादा व्हिडिओ उघडून बघा. पथक अजून उभं आहे, ढोलांच्या दोऱ्या ताणलेल्या आहेत, ध्वजाची काठी स्थिर आहे. तोवर चित्र कसं लख्ख दिसतं. मग गुलालाची पहिली मूठ हवेत उडते आणि त्याच क्षणी चेहऱ्यांवर चौकोन उमटतात, ढोलाची कड विरघळते, मागची इमारत मातीसारखी सपाट होते. दोन सेकंदांनी गुलाल खाली बसला की चित्र पुन्हा जागेवर. व्हिडिओवर मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘१०८०पी’ असंच लिहिलेलं असतं.

हा आकडा फक्त चित्रात ठिपके किती हे सांगतो. त्या ठिपक्यांत खरी माहिती किती भरली आहे, हे त्यातून कळत नाही. ते ठरतं बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला किती बिट खर्च केले यावर, आणि ते बिट किती हुशारीने वापरले यावर. ही हुशारी म्हणजे कोडेक, व्हिडिओ दाबण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत. रेझोल्यूशन, बिटरेट आणि कोडेक या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या की फोनची मेमरी का भरते, पाठवलेला व्हिडिओ का खराब होतो, नवीन लॅपटॉपवरही व्हिडिओ का अडकतो, अशा बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपली आपल्याला सापडू लागतात.

आधी थोडं गणित करू. १०८०पी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला अशी ३० चित्रं म्हणजे १८६ मेगाबाइट, मिनिटाला ११ गिगाबाइटच्या वर. न दाबलेला व्हिडिओ एवढा प्रचंड असतो. फोन तोच मिनिट साधारण ६० मेगाबाइटमध्ये बसवतो. याचा अर्थ मूळ माहितीचा दीडशेपेक्षा जास्त पटींनी संक्षेप झालेला असतो, आणि तरीही डोळ्यांना काही कमी वाटत नाही.

हे साधतं कसं? पहिली काटछाट रंगात होते. आपले डोळे उजेड-अंधार बारकाईने टिपतात, रंगाचा बारकावा त्यामानाने कमी. म्हणून उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात आणि रंगाची मात्र चार ठिपक्यांना मिळून एक. एवढ्यानेच पसारा निम्मा होतो. त्यामुळेच काळ्या पार्श्वभूमीवरची लाल बारीक अक्षरं व्हिडिओत कायम पुसट दिसतात, तीच अक्षरं पांढरी केली तर नीट वाचता येतात. व्हिडिओवर मजकूर टाकणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावीच.

दुसरी काटछाट एकेका चित्राच्या आत होते. चित्राचे छोटे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात ‘संथ बदल किती, बारीक नक्षी किती’ अशी फोड करतात. ही फोड करण्याचं गणित म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. ते मांडणारे नासिर अहमद मूळचे बंगळुरूचे, टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. जेपेग फोटो असोत की आजचा व्हिडिओ, पाया याच कल्पनेचा. फोड झाली की बारीक नक्षीचे आकडे ढोबळ करून टाकायचे. बिट थोडे असतील तर ढोबळपणा वाढतो, चौकोनातली नक्षी सगळी जाते, उरतो एक सपाट रंग. गुलालात दिसलेले चौकोन ते हेच.

तिसरी काटछाट सगळ्यांत मोठी, आणि गुलालाचं कोडं तिच्यातच आहे. लागोपाठच्या दोन चित्रांत फरक फार थोडा असतो. मग प्रत्येक चित्र नव्याने कशाला साठवायचं? ठरावीक अंतराने एक चित्र पूर्ण साठवतात, त्याला कीफ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांसाठी फक्त सूचना लिहितात: मागच्या चित्रातला हा तुकडा उचला, चार ठिपके उजवीकडे सरकवा, वर एवढी दुरुस्ती करा. बातम्या सांगणारी व्यक्ती, फळ्यासमोरचे शिक्षक, बैठकीतलं गाणं, इथे जवळजवळ सगळं चित्र अशा सूचनांवर निभावतं. गुलालाचं तसं नाही. प्रत्येक कण वेगळ्या दिशेने उडतो आणि मागच्या चित्रातला एकही तुकडा कामाला येत नाही. धो धो पाऊस, धबधबा, वाऱ्यावर हलणारी झाडी, झगमगती रोषणाई, कागदी कपटे उडवणाऱ्या तोफा, यांचंही असंच. सूचनांनी भागत नाही, सगळं नव्याने लिहावं लागतं आणि तेवढे बिट हाताशी नसतात.

हलत्या हाताने केलेलं चित्रीकरणही याच कारणाने महागात पडतं. कॅमेरा थरथरला की स्थिर भिंतसुद्धा दर चित्रात सरकते. रात्री फोनच्या कॅमेऱ्यात येणारी रवाळ ठिपक्यांची चुळबुळ (नॉइज) तर आणखी वाईट, कारण ती दर चित्रात वेगळी असते आणि कोडेक तिला खरी माहिती समजून तिच्यावर बिट उधळतो. स्नेहसंमेलन चित्रित करायचं असेल तर फोन साध्या स्टँडवर ठेवा आणि सभागृहातला एक दिवा जास्त लावा. महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

आता कोडेक कुठला, हे बघू. सगळीकडे चालणारा म्हणजे एच.२६४. तो २००३ साली आला. वीस वर्षांपूर्वीचा असूनही फोन, टीव्ही, प्रोजेक्टर, गाडीतला स्क्रीन, कुठेही तो उघडतो. २०१३ साली एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी आला. निम्म्या बिटरेटमध्ये तेवढंच चांगलं चित्र देणं हे त्याचं उद्दिष्ट होतं. तंत्र उत्तम आहे, पण त्याच्या पेटंट-शुल्काचा गुंता झाला आणि ब्राउझरमध्ये तो बरीच वर्षं नीट रुळलाच नाही. गूगलने त्याच वर्षी स्वतःचा व्हीपी९ आणला. पुढे २०१५ साली गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, सिस्को अशा कंपन्या एकत्र आल्या, अलायन्स फॉर ओपन मीडिया स्थापन झाली आणि २०१८ साली एव्ही१ जाहीर झाला. तो वापरायला शुल्क नाही आणि व्हीपी९पेक्षा साधारण तीस टक्के बचत हे त्याचं लक्ष्य होतं. कमी बिटरेटमध्ये तो विशेष चमकतो. एच.२६४ जिथे चौकोन दाखवू लागतो तिथे एव्ही१ चित्र थोडं मऊ करतो, पण फुटू देत नाही.

या बचतीची किंमत मोजावी लागते ती गणिताने. एव्ही१ उलगडायला खूप आकडेमोड लागते. प्रोसेसरमध्ये त्यासाठी वेगळं सर्किट असेल तर काम अलगद होतं. नसेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो, मग फोन तापतो, बॅटरी उतरते, लॅपटॉपचा पंखा घोंगावतो. हे सर्किट इंटेलच्या ११व्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरपासून, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेपासून, स्नॅपड्रॅगन ८ जेन २पासून आणि अ‍ॅपलच्या ए१७ प्रो व एम३ चिपांपासून आहे. विंडोजवर तपासायचं तर व्हिडिओ चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) जा आणि ‘व्हिडिओ डीकोड’ हा आलेख पाहा. तो हलत असेल तर सर्किट काम करतं आहे. तो शून्यावर आणि सीपीयू साठ-सत्तर टक्क्यांवर असेल तर तुमच्या यंत्राला तो कोडेक पेलवत नाही. अशा जुन्या यंत्रावर यूट्यूबला एच.२६४च द्यायला लावणारी ब्राउझरची छोटी एक्स्टेंशन मिळतात. अडकणारा व्हिडिओ त्यांनी बऱ्याचदा सुरळीत होतो.

कुठला कोडेक चालू आहे हे यूट्यूब स्वतःच सांगतं. कॉम्प्युटरवर व्हिडिओवर उजवं बटण दाबा आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडा. कोडेक्सच्या ओळीत सुरुवातीला ‘एव्हीसी१’ दिसलं तर एच.२६४, ‘व्हीपी०९’ दिसलं तर व्हीपी९, ‘एव्ही०१’ दिसलं तर एव्ही१. त्याच चौकटीत ड्रॉप्ड फ्रेम्सचा, म्हणजे गाळलेल्या चित्रांचा, आकडा असतो. तो वाढत असेल तर दोष तुमच्या यंत्राचा. ‘बफर हेल्थ’चे सेकंद घसरत शून्याकडे जात असतील तर दोष नेटचा. ‘व्हिडिओ अडकतो’ या एकाच तक्रारीमागची ही दोन अगदी वेगळी दुखणी आहेत, आणि त्यातलं कुठलं हे इथे मिनिटभरात कळतं.

बफर म्हणजे पुढचा साठा. ऑनलाइन व्हिडिओ अखंड नळासारखा येत नाही. काही सेकंदांचे तुकडे करून येतो आणि प्रत्येक तुकड्याच्या अनेक प्रती सर्व्हरवर तयार असतात: २४०पीची, ४८०पीची, १०८०पीची. तुकडा उतरायला किती वेळ लागला हे प्लेअर मोजतो आणि पुढचा तुकडा कुठल्या प्रतीतून घ्यायचा ते ठरवतो. व्हिडिओ पाठवण्याच्या दोन मुख्य पद्धती, अ‍ॅपलने २००९ साली आणलेलं एचएलएस आणि नंतर प्रमाण झालेलं डॅश, दोन्ही याच कल्पनेवर चालतात. सुरुवातीचे काही क्षण चित्र धूसर असतं ते यामुळे. प्लेअरला नेटचा अंदाज अजून आलेला नसतो, म्हणून तो आधी हलकी प्रत उचलतो.

इथे डेटाचा हिशेबही करून टाकू. बिटरेट बिटमध्ये मोजतात आणि डेटा बाइटमध्ये, म्हणून आठने भागायचं. ५ मेगाबिटचा व्हिडिओ मिनिटाला ३७.५ मेगाबाइट खातो. रोज दीड जीबीचा प्लॅन असेल तर असा व्हिडिओ चाळीस मिनिटांत तो संपवतो.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. फाइलच्या नावापुढचं ‘एमपी४’ म्हणजे कोडेक नाही, तो डबा आहे. डबा बघून आत उसळ आहे की भेंडी हे कळत नाही, तसंच एमपी४मध्ये एच.२६४ असेल, एच.२६५ असेल किंवा एव्ही१ही असेल. ‘एमपी४ आहे, तरी प्रोजेक्टरवर आवाज येतो आणि चित्र येत नाही’, हा प्रकार बहुतेक वेळा एच.२६५मुळे होतो. आयफोन मूळच्या सेटिंगमध्ये एच.२६५मध्येच चित्रण करतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’खाली ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडलं की तो एच.२६४वर येतो. ‘एमकेव्ही’ हा असाच दुसरा डबा; फाइलचं नाव बदलून ‘एमकेव्ही’चं ‘एमपी४’ केल्याने आत काहीच बदलत नाही.

एमपी४ या डब्याची एक खोड जपून लक्षात ठेवा. त्याची अनुक्रमणिका, म्हणजे कुठलं चित्र फाइलमध्ये कुठे आहे याची यादी, चित्रीकरण थांबवल्यावर सर्वांत शेवटी लिहिली जाते. मध्येच बॅटरी गेली की तासाभराचा व्हिडिओ कार्डावर असूनही उघडत नाही, कारण यादीच नाही. अशा वेळी कार्ड फॉरमॅट करून फाइल घालवू नका. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेला एखादा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून दिला तर ‘अनट्रंक’ नावाचं मोफत साधन पुष्कळदा यादी पुन्हा बांधून देतं. कॉम्प्युटरवर ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने रेकॉर्डिंग करत असाल तर एमकेव्ही निवडा. वीज गेली तरी तोवरचं सगळं शाबूत राहतं, आणि नंतर फाइल मेनूतल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने गुणवत्ता न गमावता एमपी४ होतं.

आता प्रत्यक्ष काम. समजा वीस मिनिटांच्या कार्यक्रमाचा फोरके व्हिडिओ आहे. मिनिटाला १७० मेगाबाइट धरले तर ३.४ जीबी. तो नातेवाइकांना पाठवायचा आहे. यासाठी हँडब्रेक हे मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फाइल त्यात ओढून टाका आणि ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगचा संच, निवडा. मग चार गोष्टी हाताने बदला. समरीमध्ये ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ला खूण करा, त्याने ती अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला येते आणि पूर्ण उतरण्याआधीच व्हिडिओ सुरू होतो. व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला चित्रं किती, ३० करून ‘कॉन्स्टंट’ निवडा. फोन अंधारात चित्रांचा वेग आपोआप कमी-जास्त करतात आणि अशी फाइल संपादनात घेतली की ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे, असं होतं. कॉन्स्टंट केल्यावर ही कटकट राहत नाही. एन्कोडर म्हणजे व्हिडिओ दाबणारा भाग; त्याचा प्रीसेट ‘फास्ट’वरून ‘स्लो’वर न्या; वेळ जास्त लागेल, पण तेवढ्याच बिटमध्ये चित्र चांगलं मिळेल. चौथी गोष्ट ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ची पट्टी.

या पट्टीवरचा आकडा उलटा चालतो: लहान आकडा म्हणजे चांगलं चित्र आणि मोठी फाइल. १०८०पीसाठी २० ते २४ ही योग्य जागा. एच.२६४मध्ये आकडा सहाने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते. एव्ही१ची पट्टी वेगळी, ती ६३पर्यंत जाते. तिथे ३०च्या आसपास सुरुवात करा आणि एन्कोडर प्रीसेट ६ ठेवा. एच.२६४चा २२ आणि एव्ही१चा २२ एकच समजून फाइल अवाढव्य का झाली म्हणून लोक हैराण होतात.

पूर्ण फाइल लगेच चालवू नका. ‘रेंज’मध्ये सेकंद निवडून कार्यक्रमातला सर्वांत धामधुमीचा तीस सेकंदांचा तुकडा घ्या, लेझीम किंवा लावणीतली गिरकी, आणि तेवढाच दाबून बघा. तो टीव्हीवर नीट दिसला तर बाकीचा नक्की दिसेल. रात्रीचं रवाळ चित्रण असेल तर फिल्टर्समध्ये डीनॉइजखाली ‘एनएलमीन्स’ची ‘अल्ट्रालाइट’ पातळी लावा. त्याहून जास्त लावू नका, चेहरे मेणाचे दिसायला लागतात. एन्कोडरच्या यादीत एनव्हीएन्क किंवा क्विकसिंक, म्हणजे एनव्हिडिया किंवा इंटेलच्या चिपमधला एन्कोडर, दिसेल. ते अनेक पटींनी जलद चालतात, पण तेवढ्याच गुणवत्तेला फाइल मोठी होते. थेट प्रक्षेपणाला ते उत्तम, जपून ठेवायच्या व्हिडिओसाठी नाहीत.

फाइल अमुक एवढ्या आकारातच बसवायची असेल तर कॉन्स्टंट क्वालिटी सोडून ‘अ‍ॅव्हरेज बिटरेट’ घ्या आणि मल्टी-पासला खूण करा. हिशेब असा: वीस मिनिटं म्हणजे १२०० सेकंद, ५०० मेगाबाइट म्हणजे ४००० मेगाबिट, भागाकार सुमारे ३३३० किलोबिट. त्यातून आवाजाचे १६० वजा करा, थोडी सूट ठेवा, आणि ३१०० भरा.

दाबलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ते तिला पुन्हा दाबतं आणि आपली मेहनत वाया जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, जशीच्या तशी पोचते. मर्यादा २ जीबीची. यूट्यूबचं उलट आहे. तिथे पुन्हा दाबलं जाणारच, म्हणून शक्य तर मूळ फाइलच चढवा. १०८०पी३० साठी यूट्यूबची स्वतःची शिफारस ८ मेगाबिटची आणि फोरके३० साठी ३५ ते ४५ मेगाबिटची आहे. लिंक लगेच वाटू नका, आधी कमी दर्जाची प्रत तयार होते आणि वरच्या प्रती मागाहून येतात. आणखी एक युक्ती जाणकार वापरतात: १०८०पी व्हिडिओ संपादनात १४४०पी करून चढवायचा. छोट्या चॅनलच्या १०८०पीला यूट्यूब अनेकदा एच.२६४वरच ठेवतं, १४४०पीला मात्र व्हीपी९ आणि भरपूर बिटरेट मिळतो. गुलाल, पाऊस, नाच अशा चित्रणात हा फरक स्पष्ट दिसतो.

शेवटी लग्नाच्या जुन्या कॅसेट. आपल्याकडची व्हीएचएस ‘पाल’ या टीव्ही-पद्धतीची: सेकंदाला २५ चित्रं, ५७६ ओळी, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत विभागलेलं, आधी एक सोडून एक अशा ओळी, मग उरलेल्या. यालाच इंटरलेस्ड म्हणतात. दुकानात डिजिटल करून देताना ‘एचडी करून देतो’ म्हणत हे चित्र ताणून १०८० ओळींचं केलं जातं आणि दोन अर्ध्यांची सरमिसळ कायमची चित्रात बसते. वरमाला घालणारा हात कंगव्याच्या दातांसारखा दिसतो, आणि हा दोष नंतर नीट काढता येत नाही. म्हणून कॅसेट देतानाच स्पष्ट सांगा: ७२० गुणिले ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड, काही न ताणता. घरी आणल्यावर हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीइंटरलेसला ‘यादिफ’ निवडून प्रीसेट ‘बॉब’ करा. त्याने दोन अर्ध्यांची दोन पूर्ण चित्रं होतात, सेकंदाला ५०, आणि टीव्हीवर दिसायची ती जुनी प्रवाही हालचाल परत येते. फ्रेमरेटही ५० करायला विसरू नका. तो ३०वर राहिला तर वाढलेली चित्रं पुन्हा फेकली जातात. दुकानातून आलेली मूळ फाइल मात्र पुसू नका, वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. फीत दर वर्षी थोडी झिजते आणि चालू व्हीसीआर मिळणं अवघड होत चाललं आहे.